ऑस्ट्रेलियाची वेळ काढायची तर आधी शहर विचारा
मुलाखत १५ ऑक्टोबरला, सकाळी १० 'ईएसटी' (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम, म्हणजे पूर्वेकडची प्रमाण वेळ), कंपनी ऑस्ट्रेलियातली. भारतात किती वाजता बसायचं, असा तुमचा प्रश्न आहे. एवढ्या माहितीवर उत्तर निघत नाही. ब्रिस्बेन असेल तर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, सिडनी किंवा मेलबर्न असेल तर साडेचार.

सिडनी आणि ब्रिस्बेन दोन्ही एरवी यूटीसीच्या (जगभर संदर्भासाठी धरलेल्या प्रमाण वेळेच्या) १० तास पुढे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. पण सिडनीचं घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तासभर पुढे सरकतं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडने हा प्रकार १९९२ च्या सार्वमतात नाकारला, त्यामुळे ब्रिस्बेन बारा महिने जागेवरच. तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात असतो हे विसरल्यामुळे निम्म्या चुका होतात. ॲडलेड एरवी आपल्यापेक्षा ४ तास पुढे, उन्हाळ्यात ५. डार्विन कायम ४, पर्थ कायम अडीच.

नुसतं राज्य पाहूनही भागत नाही. ब्रोकन हिल हे गाव न्यू साउथ वेल्समध्ये आहे, पण घड्याळ ॲडलेडचं पाळतं. गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टी तर दोन राज्यांच्या हद्दीवरून जाते! विमानांच्या वेळा मात्र क्वीन्सलंडच्याच.

आता 'ईएसटी'. ऑस्ट्रेलियातले लोक पूर्वेकडच्या वेळेला सर्रास असं लिहितात, पण बहुतेक सॉफ्टवेअर त्याचा अर्थ न्यूयॉर्क लावतं. नेमकं लिहायचं तर हिवाळी वेळ 'एईएसटी' (ऑस्ट्रेलियन ईस्टर्न स्टँडर्ड टाइम), उन्हाळी 'एईडीटी' (त्यातलं 'स्टँडर्ड' जाऊन 'डेलाइट'). तरी मी लघुरूपावर कधीच विसंबणार नाही, कारण सिडनीतली माणसंसुद्धा डिसेंबरात सवयीने 'एईएसटी' लिहितात.

गूगलवर 'सिडनीत आत्ता किती वाजले' हे शोधून फरक काढू नका. तो आजचा फरक. सप्टेंबरमध्ये पाहिलात तर साडेचार तास दिसेल आणि १५ ऑक्टोबरला तुम्ही तासभर उशिरा पोचाल. ज्यात तारीख टाकता येते असाच कन्व्हर्टर वापरा. कॅलेंडरमध्ये नोंद करतानाही टाइम झोन म्हणून शहर निवडा. विंडोजच्या यादीत 'ब्रिस्बेन' आणि 'कॅनबेरा, मेलबर्न, सिडनी' या वेगळ्या ओळी आहेत आणि दोन्हींपुढे यूटीसी+१०:०० असंच लिहिलेलं असतं, उन्हाळ्यातही. आकडा सारखा म्हणून कुठलीही निवडली की फसलात. शहर निवडलं की बदलाची तारीख यंत्र स्वतः सांभाळतं.

ऑफिस कुठे आहे ते ईमेलखालच्या सहीत बघा, पण मुलाखत घेणारा दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. म्हणून आजच एका ओळीचं उत्तर पाठवा: '१५ ऑक्टोबर, सकाळी १०, ब्रिस्बेनची वेळ, म्हणजे भारतात पहाटे ५.३०, बरोबर ना?' शहर चुकलं असेल तर ते लगेच कळवतील.