छताच्या वॉलपेपरवर रंग मारलाय, आता काढायचा कसा? तुमचे प्रश्न

सांगली-मिरजेतून परत परत तोच घोळ विचारला जातोय. आधीच्या मालकाने छताला वॉलपेपर लावला, तो पिवळा पडला म्हणून त्यावरच रंग मारला, आणि आता फुगे येऊन कडा लोंबतायत. म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तरं देतोय.

विश्रामबाग : दोन दिवस पाणी मारतेय, कागद भिजतच नाही.

ताई, वर रंगाचा थर आहे, पाणी खळीपर्यंत पोचतच नाही. आधी एक कोपरा पत्र्याने, म्हणजे रंगारी खरवडायला वापरतात त्या पात्याने, उचलून कोरडाच ओढून बघा, विनाइलचा म्हणजे वर प्लास्टिकचा थर असलेला कागद असेल तर वरचा थर रंगासकट सोलून येतो आणि खाली राहिलेला कागद लगेच भिजतो. नाही आला तर छत ओलं करून कटरने दोन-दोन इंचावर उभ्या-आडव्या हलक्या रेघा मारा, रंग कापला पाहिजे, प्लास्टर नाही. मग कोमट पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड घालून स्पंजने लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, परत लावा, आणि चार इंची पत्रा जवळजवळ आडवा धरून खरवडा. एका वेळी दोन बाय दोन फूटच घ्या. शेवटी खळ धुऊन काढा, बोटाला चिकट लागत असेल तर परत धुवा, नाहीतर नवीन रंगाचे पापुद्रे सुटतात. बादली, स्पंज, पत्रा, कटर, खाली अंथरायला प्लास्टिक, एवढ्यावर काम होतं. पण छत पीओपीचं किंवा जिप्सम बोर्डाचं असेल तर जास्त पाण्याने ते मऊ पडतं, तिथे आधी माहितगाराला दाखवा.

तासगाव : द्राक्षबागेचा पाठीवरचा पंप आहे, त्याने पाणी मारू का?

अजिबात नको. टाकीत आणि नळीत औषधाचा अंश राहतो, आणि छताचं पाणी तुमच्याच तोंडावर पडणार.

मिरज : थिनरने लवकर निघतो म्हणे?

कोण म्हणे? बंद खोलीत थिनरची वाफ साठली तर एका ठिणगीने पेट घेते. नको.

कुपवाड : पंखा काढायलाच पाहिजे का?

हो. मेन स्विच बंद करून, वायरमनकडून.

सांगली, खणभाग : भाड्याने पॉलिशची मशिन आणून एका दिवसात घासून टाकू का? घर जुनं आहे, वरचा रंग पिवळा ऑइलपेंट आहे. मुलगी तीन वर्षांची आहे.

नाही, आणि हे जरा नीट वाचा, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, ठरवणारे नियम 2016 चे, आणि ते लागू झाले 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या रंगात, त्यातही पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइलपेंटमध्ये, शिसं भरपूर असू शकतं. भिंतीवर अखंड आहे तोवर त्याचा तेवढा त्रास नाही, पण मशिन लावली की त्याची पिठासारखी धूळ होते, गादीवर, खेळण्यांवर, स्वयंपाकघरात बसते, आणि लहान मुलं तर हात तोंडात घालतातच. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त मुरतं, मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. शिशाची सुरक्षित पातळी माहीतच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी दुकानदार मशिन हातात देतो आणि वर रुमाल बांधा म्हणतो! रुमालाने काही अडत नाही, एन-95 घाला आणि डोळ्यांना गॉगल. ओलं करूनच खरवडा, फ्लेम गनही नको, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, काम संपेपर्यंत मुलगी आणि घरात कोणी गरोदर असेल तर त्यांना दुसरीकडे ठेवा. कामाचे कपडे वेगळे धुवा. आधीच घासून झालं असेल तर लपवू नका, मुलांच्या डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

सांगली : कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काढायची गरज नाही, वरूनच पुट्टी मारतो.

त्याला बिल काढायची घाई आहे. पुट्टीच्या ओलाव्याने आणि वजनाने सुटलेला कागद आणखी सुटतो, मग पुट्टीसकट खाली येतो. पैसे दोनदा जाणार. दुसऱ्या दोघांना छत दाखवून कोटेशन घ्या.

गावभाग : कागद काढल्यावर खाली तपकिरी डाग आणि एक लांब चीर दिसली.

काम थांबवा. डाग गंजाचा असेल तर आतली सळई गंजतेय, गंज फुगतो आणि स्लॅबचं काँक्रीट सुटायला लागतं. घरात पुराचं पाणी आलं होतं किंवा वरच्या मजल्यावर बाथरूम आहे, तर आणखीच लवकर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याखाली कोणाला झोपवू नका. रंगाचं नंतर बघू.

मिरज : घरात लग्न आहे, आठ दिवस उरलेत, होईल का?

नाही होणार. छत पूर्ण वाळायला पाहिजे, मग पुट्टीचे दोन हात, घासणं, प्रायमर, रंग, आणि प्रत्येकाला वाळायला वेळ. लोंबणारा भाग तेवढा कापून घ्या आणि लग्न झाल्यावर उन्हाळ्यातच हात घाला, पावसाळ्यात नको. तोवर एका चांगल्या रंगाऱ्याला घरी बोलवून छत दाखवून ठेवा.