पुनर्वसन की निःसंस्थाकरण?

विचारणा अशी आहे: मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांना बाहेर, चारचौघांत राहता यावं म्हणून चाललेल्या कामाचा अहवाल मराठीत करायचा आहे. भाषांतरात सगळीकडे ‘निःसंस्थाकरण’ (इंग्रजी ‘डीइन्स्टिट्यूशनलायझेशन’, म्हणजे माणसांना संस्थेतून बाहेर काढणं) आलं आहे. ‘पुनर्वसन’ रुळलेला असताना हा शब्द कशाला?

माझं मत ‘पुनर्वसन’च्या बाजूने आहे, पण एका अटीवर.

मराठीत ‘संस्था’ हा भल्या अर्थाचा शब्द. शिक्षण संस्था, पतसंस्था. आपली राहती सोसायटीसुद्धा कागदोपत्री सहकारी गृहनिर्माण संस्थाच. कुलूपबंद वॉर्ड, रांगेतलं जेवण, दुसऱ्याने ठरवलेली निजायची वेळ, यातलं काहीच ‘संस्था’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येत नाही. ते येतं गावांच्या नावांतून. ‘याला येरवड्याला न्या’, ‘ठाण्याला भरती करा’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, आणि त्या बोलण्याने तिथे राहिलेल्या माणसाची बाहेरची वाट आणखी अवघड होते.

शिवाय ‘निःसंस्थाकरण’ नुसतं रिकामं करण्याबद्दल बोलतं. माणसं गेली कुठे, याबद्दल तो शब्द गप्प. अमेरिकेत 1955 साली सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे 5,58,000 माणसं होती. 1963 मध्ये केनेडींनी सही केलेल्या कायद्याने त्यांच्यासाठी ठिकठिकाणी उपचार केंद्रं उभारायची ठरली. रुग्णालयं रिकामी झाली, केंद्रं मात्र ठरल्याच्या जेमतेम निम्मी झाली. कित्येकांच्या वाट्याला रस्ता आला, कित्येकांच्या तुरुंग. आपल्याकडे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला बजावावं लागलं की मनोरुग्णालयातल्या माणसांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं ताबडतोब थांबवा. एका भिंतीआडून दुसऱ्या भिंतीआड नेणं, एवढंच ते होतं.

आता ‘पुनर्वसन’. यातला धातू ‘वस्’, म्हणजे राहणे. निवास, वसाहत, वस्ती, सगळी त्याचीच लेकरं. या शब्दाचा खरा अर्थ महाराष्ट्राला शिकवला तो धरणग्रस्तांनी. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही त्यांची घोषणा. त्यात कोणी समुपदेशन मागत नव्हतं. गावठाण, घराला प्लॉट, पिण्याचं पाणी, रस्ता, शाळा, स्मशानभूमी अशी मोजून घेता येणारी मागणी होती. पत्ता मिळाला नाही तर पुनर्वसन झालं नाही, हे कोयनाकाठच्या माणसाला कोशात बघावं लागलं नाही.

माझी अट इथूनच येते. मनोरुग्णालयांत पुनर्वसन म्हटलं की मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फायली, शिवणकाम. कामं चांगली आहेत, पण त्यांना व्यवसायोपचार म्हणावं. ज्यात राहण्याचा पत्ता नाही त्याला पुनर्वसन म्हणू नये. अहवालात दोन्ही एका आकड्यात मिसळले की पिशव्या करणारी बाई ‘पुनर्वसित’ ठरते आणि रात्री त्याच वॉर्डात झोपते.

यात इटलीतल्या त्रिएस्तेचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. फ्रान्को बझालिया 1971 मध्ये तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, तेव्हा आत सुमारे बाराशे माणसं होती. काहींना सोडता येत होतं, पण जायला घर नव्हतं. त्यांच्यासाठी ‘ओस्पिते’, म्हणजे पाहुणा, असा दर्जा काढला. राहणं-जेवण चालू, पण माणूस आता रुग्ण नाही, यायला-जायला मोकळा. म्हणजे घर मिळेपर्यंतही त्याला ‘रुग्ण’ म्हणून मोजायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढे शहरात घरं झाली, चोवीस तास उघडी केंद्रं झाली. 13 मे 1978 च्या 180 क्रमांकाच्या कायद्याने देशभरच मनोरुग्णालयांत नवी भरती थांबवली.

आपला कायदाही मागे नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चं कलम 19 सांगतं की कुटुंब नाही, घरचे स्वीकारत नाहीत, बेघर आहे किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवून घेता येणार नाही. ‘नातेवाईक नेत नाहीत’ हे वॉर्डातलं नेहमीचं उत्तर त्यामुळे कायद्यापुढे टिकत नाही. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या संस्थेने काढलेल्या ‘होम अगेन’ उपक्रमात चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, मदतीला एखादी साहाय्यक. आज भाजी काय करायची, हे त्याच ठरवतात. याला मी बेलाशक पुनर्वसन म्हणेन.

विचारणेत ‘सामुदायिक काळजी’ (इंग्रजी ‘कम्युनिटी केअर’) या शब्दाबद्दलही विचारलं आहे. तिथे ‘वस्तीतली सेवा’ लिहा. पुण्यात बापू ट्रस्टने मानसिक आरोग्याचं काम वस्त्यांमध्येच उभं केलं आणि ‘वस्ती’ हा शब्द तिथे राहणाऱ्यांच्या तोंडचा आहे. ‘समुदाय’ फक्त अहवालात भेटतो.

शेवटी वाक्यरचना. ‘रुग्णास दाखल करण्यात आले, हलविण्यात आले, त्याचे पुनर्वसन करण्यात आले’: या तिन्हींत माणूस कर्ता होतच नाही. ‘सुमारे वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर त्या अमुक गल्लीत भाड्याने राहायला गेल्या’ असं लिहा. बिऱ्हाड करणे, घर थाटणे हे आपले जुने वाक्प्रचार इथे चपखल बसतात. आणि तक्त्यात ‘पुनर्वसित’ या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने घाला: भाडेकरार कोणाच्या नावावर, आणि घराची किल्ली कोणाकडे.