टाकीचं नंतर बघू, आधी आईच्या सहीचा कागद

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी डोंबिवलीत राहतो, वय 43. हातात पगार 1,15,000 आणि बायकोच्या शिकवण्यांचे 12,000. घरकर्जाचा हप्ता 38,000, अजून 31 लाख फेडायचे आहेत. मुलगी आठवीत आहे. सहा वर्षं गोड्या पाण्याची टाकी सांभाळतोय, आता खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची रीफ टाकी करायची आहे, चार बाय दोन बाय दोन फुटांची. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात बघितलं तेव्हापासूनचं मनात आहे. दुकानाचं कोटेशन 2,80,000 आहे. दुकानदार म्हणतो, प्रवाळ वाढलं की तुकडे विकून महिन्याचा खर्च निघतो. क्रेडिट कार्डावर 24 महिन्यांचे बिनव्याजी हप्ते घ्यावेत की एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) मोडावी? हप्त्यांची फारशी काळजी नाही, कारण आईच्या नावावर बँकेत एक प्लॅन आहे. वर्षाला 3 लाख जातात, पाचव्या वर्षी दुप्पट होऊन मिळतील.

उत्तर:

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी तुमच्याकडे त्या प्लॅनचे कागद मागवले. तुम्ही फोटो पाठवलेत. आज टाकीपेक्षा त्यावरच जास्त लिहिणार आहे, कारण त्या प्लॅनचा पुढचा, तिसरा हप्ता चार आठवड्यांवर आलाय.

ही ठेव नाही, ही युलिप आहे. म्हणजे विमा पॉलिसी, जिच्यातले पैसे शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात जातात. प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणारी, आई, वय 68. विमा तुमच्या आयुष्याचा, 30 लाखांचा. पहिल्या पानावर उजवीकडच्या चौकटीत हप्ते भरायची मुदत छापली आहे: 10 वर्षं. पाच नाही, दहा. तिच्याखाली इंग्रजी मजकुराच्या तळाशी आईंची मराठीतली सही आहे, शेवटचं अक्षर रेघेच्या खाली उतरलेलं. त्यांना ते पान कोणी वाचून दाखवलं असेल असं मला वाटत नाही.

आता हिशोब करू. वडील गेल्यावर त्यांच्या ठेवींचे 18 लाख आईंकडे आले, असं तुम्ही दुसऱ्या मेलमध्ये कळवलंत. वर्षाला 3 लाख म्हणजे 18 लाखांत सहा हप्ते बसतात. पॉलिसीला दहा लागतात. सातव्या वर्षी आईंच्या हातात काहीच उरलेलं नसेल, आणि 12 लाख भरायचे बाकी असतील. आईंच्या औषधांचे महिन्याचे 6,000 आज उरलेल्या ठेवींच्या व्याजातून निघतात. दर हप्त्याला ती ठेव 3 लाखांनी आटतेय.

'पाचव्या वर्षी दुप्पट' हेही बघू. एकरकमी पैसे पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला 15 टक्क्यांच्या आसपास परतावा लागतो. इथे तर पैसे एकरकमी नाहीत, दरवर्षी 3 लाख जाताहेत. पाच हप्त्यांचे 15 लाख पाचव्या वर्षाअखेर 30 लाख व्हायचे तर फंडाला दरवर्षी 24 टक्के वाढावं लागेल, तेही कंपनीने सगळं शुल्क कापून घेतल्यावर. त्याच फायलीतल्या लाभांच्या तक्त्यात कंपनीने स्वतः 4 आणि 8 टक्के धरलेत. 24 चा आकडा कुठल्याच कागदावर नाही, 'दुप्पट' हे फक्त बँकेत टेबलापलीकडच्या माणसाच्या तोंडी होतं. 'सगळं करमुक्त' असंही आईंना सांगितलं होतं म्हणता. फेब्रुवारी 2021 पासून घेतलेल्या युलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर असेल तर नफ्यावर कर लागतो. हप्ता 3 लाखांचा आहे. तेव्हा तेही चुकीचंच.

नवरा जाऊन दोन महिने झालेली बाई ठेव ठेवायला बँकेत येते, आणि तिला 20 वर्षं चालणारी (हप्ते त्यातली दहा वर्षं), बाजाराशी जोडलेली पॉलिसी विकली जाते. हे मी दर दोन-तीन महिन्यांनी बघतो आणि प्रत्येक वेळी तितकाच संताप येतो.

तुमच्याबद्दलही एक सांगायचंय, राग मानू नका. आठवड्याला टाकीतला अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजून तुम्ही वहीत लिहिता. त्या वहीच्या एका पानाचा फोटोही पाठवलात. सहा वर्षांत एक रविवार चुकलेला नाही. तसाच एक रविवार या फायलीला द्यायला हवा होता.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. इथे क्रमाला महत्त्व आहे.

पहिलं, तुमच्या नावाने 1 कोटीचा साधा मुदत विमा, म्हणजे नुसतं जिवाचं संरक्षण, गुंतवणूक नाही. आज तुमच्या जिवावर फक्त या युलिपचे 30 लाख आहेत, आणि डोक्यावर कर्ज 31 लाख. युलिप थांबली की तेही संरक्षण जातं. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण 25,000 पडतील. ही पॉलिसी हातात आल्यावरच युलिपचा हप्ता बुडू द्यायचा. तपासणीत वेळ जाईल, म्हणून अर्ज याच आठवड्यात करा. तारीख उलटल्यावरही वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरेल.

दुसरं, आईंच्या खात्यातून हप्ता आपोआप वळता होतो ती सूचना बँकेला लेखी पत्र देऊन रद्द करा आणि पोच घ्या. तोंडी सांगून भागणार नाही.

'थांबवलंत तर सगळे पैसे बुडतील' असा फोन नक्की येईल. बुडत नाहीत. तिसऱ्या वर्षात युलिप थांबवली तर कंपनी जास्तीत जास्त 4,000 रुपये कापू शकते. उरलेली रक्कम वेगळ्या फंडात जाते, तिथे किमान 4 टक्के मिळतात, आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर पैसे परत येतात. शेवटच्या स्टेटमेंटवर आतापर्यंत भरलेल्या दोन हप्त्यांच्या 6 लाखांचे 5,60,000 दिसताहेत. तीन वर्षांनी सव्वासहा लाखांच्या आसपास हाती येतील. म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून पाच वर्षांनी मुद्दल आणि वर चिमूटभर. हे नुकसानच आहे, पण त्याला शेवट आहे. बाजार चढला तर पुढे बरा परतावा मिळेल, आणखी तीन हप्ते भरून पाचव्या वर्षी बाहेर पडा, असंही कोणी सुचवेल. मी ते मान्य करणार नाही. 68 व्या वर्षी आईंना आणखी 9 लाख बाजारात अडकवायचं काही कारण नाही.

तिसरं, आईंकडे राहिलेले 12 लाख. त्यातले 10 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला, पोस्टात किंवा बँकेत. आजच्या 8.2 टक्के दराने वर्षाला 82,000, म्हणजे दर तिमाहीला 20,500 त्यांच्या खात्यात. महिन्याला पावणेसात हजार पडतात, औषधं निघून थोडं उरतं. 2 लाख साध्या ठेवीत राहू द्या, अडीअडचणीला. बँकेत गेलात तर अर्जावर योजनेचं नाव स्वतः वाचा.

चौथं, तक्रार. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत विनाअट परत करता येते, ती संधी गेली. पण चुकीचं सांगून विकल्याची तक्रार करता येते. आधी विमा कंपनीला आणि बँकेला लेखी. विक्रीनंतर आईंना आलेल्या पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडून मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, कारण आईंनी त्या फोनवर बहुतेक सगळ्याला 'हो' म्हटलं असणार. पण 68 वर्षांच्या, उत्पन्न नसलेल्या बाईकडून दहा वर्षांचे 30 लाख कुठून येणार होते, याचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल. तक्रारीचा सगळा जोर त्या एका प्रश्नावर ठेवा.

आता टाकी.

रोखच सांगतो, कोटेशनमधल्या निम्म्या गोष्टी घेऊच नका. दुकानदाराने यादीत अ‍ॅक्रोपोरा आणि हॅमर कोरल लिहिलंय, ही दोन्ही कठीण प्रवाळं. आपल्याकडे सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. पहिल्या अनुसूचीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. तुकडे विकून खर्च काढायचा म्हणजे नुसतं बाळगणं नाही, व्यापार झाला. 'सगळे ठेवतात' हे दुकानदाराचं उत्तर न्यायालयात चालत नाही. यादीतला 'लाइव्ह रॉक'ही बहुतेकदा समुद्रातून उचललेला प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याच्याऐवजी सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा खडक घ्या, सहा महिन्यांत त्यावर जांभळी शेवाळी चढते. ज्याची कायदेशीर खरेदीची कागदपत्रं दुकान देणार नाही, असं काहीही घरी आणू नका.

महिन्याचा खर्च दुकानदार 2,000 सांगतो. चार फुटी टाकीत 450 लिटर पाणी. आठवड्याला दहावा भाग बदलायचा, लिटरला 35 ग्रॅम मीठ, म्हणजे महिन्याला सात किलो मीठ. ते पाणी आरओचं लागतं. प्रवाळाला पाणी 25-26 अंशांवर लागतं आणि मे महिन्यात डोंबिवलीची खोली 33 वर असते, म्हणून चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बारा-बारा तास चालणार. दिवे, पंप, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) धरून दिवसाला साडेसात युनिट, महिन्याला सव्वादोनशे. वरच्या टप्प्यातल्या दराने 3,000 नुसतं विजेचं बिल. मीठ, खाद्य, टेस्ट किट धरून 7,000. त्यात 24 महिन्यांचा हप्ता 11,700. घरखर्च, शाळा आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे 22,000 उरतात, त्यातले पावणेएकोणीस हजार टाकीत जातील. हप्ते बिनव्याजी म्हणतात, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बिलात वेगळे दिसतात. रोख घेतलं तर किती सूट, एवढं दुकानदाराला विचारा. व्याज कुठे लपलंय ते तिथे कळेल.

वजनही बघा. पाणी, काच, खडक, खालचा सम्प (गाळणीची जोडटाकी) धरून 600 किलोंच्या वर, आठ चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला 800 किलोंच्या वर. घरांच्या स्लॅबची रचना चौरस मीटरला 200 किलो भार धरून करतात. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय चार फुटी टाकी नकोच.

माझ्या मते तीन फुटी टाकी घ्या, दीड बाय दीड. 190 लिटर होतात. फक्त मासे, कृत्रिम खडक, साधे दिवे. प्रवाळाचे महागडे दिवे गेले, मोठा चिलर गेला. 1,30,000 मध्ये बसायला हवं, महिन्याला 3,500. मुदत विम्याचे महिन्याचे 2,000 काढूनही दरमहा 10,000 रिकरिंगमध्ये टाकता येतील, 13 महिन्यांत रोखीने टाकी येईल. एसआयपीला हात लावायचा नाही. कोटेशनमध्ये पहिल्याच दिवशी बारा मासे सोडायचे लिहिलंय, ते का चुकीचं हे तुम्हाला मी सांगायला नको. चार-सहा आठवडे टाकी पिकू द्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होऊ द्या, मग टाकीत वाढवलेली क्लाउनफिशची एक जोडी, तिसरा मासा महिन्याभराने.

तेरा महिने थांबायला सांगतोय, पण टाकी करूच नका असं म्हणत नाही. वहीत सहा वर्षं पाणी मोजणाऱ्याने ती जरूर करावी. फक्त तिच्यात आईंचा एक रुपयाही नको, आजही नाही आणि तीन वर्षांनी युलिपचे सव्वासहा लाख येतील तेव्हाही नाही.

हे उत्तर आज रात्री आईंना मराठीतून सावकाश वाचून दाखवा. पॉलिसी त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे हप्ता थांबवायचं पत्र आणि तक्रार दोन्हींवर सही त्यांचीच लागेल. दोन्ही पत्रं मराठीत लिहा. सही करण्याआधी त्यांना चष्मा लावून स्वतः वाचू द्या, आणि मग मला प्रत पाठवा.