चार वर्षांचा मुलगा दम्याचा पंप (इनहेलर) घेताना रडतो. धरून दिला तर औषध छातीत जातं का?

फार थोडं जातं. आम्हीही असंच धरून द्यायचो, म्हणून सांगते. रडताना लेकरू लांब श्वास सोडतं आणि झटक्यात आत ओढतं, त्यामुळे औषध तोंडात, घशातच बसतं. आमच्या गल्लीत यंत्रमाग, सगळीकडे कापसाचं तूस. रात्री पोराची छाती वाजायची आणि मी औषधालाच दोष द्यायची. शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरनी माझ्याकडून करून घेतलं, तेव्हा चूक कळली.

आधी भीती घालवा. तब्येत बरी असताना रिकामा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची मास्कवाली प्लास्टिकची नळी, त्याच्या हातात द्या. आमच्याकडे आजीला, बाहुलीला, सगळ्यांना मास्क लागला. शेजारच्या तेलुगू आज्जींनी त्याला श्वास मोजायला शिकवलं: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, अयिदू. अजूनही पंप घेताना तो बोटांवर तसंच मोजतो.

मग मांडीवर ताठ बसवा. पंप चांगला हलवा, मास्क नाकातोंडावर फट न राहता टेकवा, एकदाच दाबा आणि पाच-सहा श्वास सावकाश होऊ द्या. दुसरा पफ लिहून दिला असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. मी दोन्ही एकदम मारायची. तसं केल्याने औषध कमी मिळतं.

स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. सासूबाई मायेने टॉवेलने पुसायच्या, पण घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात पंप गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नका.

रोजचा स्टेरॉइडचा पंप असेल तर खोकला थांबला म्हणून मनाने बंद करू नका. पंपाची सवय लागते असं शेजारीपाजारी म्हणतात, ते खरं नाही. तो दिल्यावर चूळ भरायला लावा, मास्कखालचा चेहरा पुसा.

धाप लागल्यावर द्यायचा पंप वेगळा. तो किती वेळा द्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा. तो देऊनही श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट बघू नका. तसेच दवाखान्यात निघा आणि वाटेतही पंप देत राहा.