ड्रुइडांना मराठीत काय म्हणावं?

खानापूरकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ते एक अद्भुत कादंबरी लिहीत आहेत. तिच्यातल्या काल्पनिक जगात घनदाट रानात राहणारी, गावाला तोंड न दाखवणारी एक जमात आहे. तिला झाडांचं बोलणं कळतं, वेळ पडली तर तिच्यातली माणसं अस्वलाचं रूपही घेतात. इंग्रजीत यांना 'ड्रुइड' म्हणतात. मराठीत देवऋषी म्हणावं, वनऋषी म्हणावं, की ड्रुइडच ठेवावं?

ड्रुइड ठेवायला माझी तत्त्वतः हरकत नाही. पण हे वाक्य मोठ्याने वाचून बघा: 'तेवढ्यात झाडीतून तीन ड्रुइड बाहेर आले.' मला तरी मोबाइल आठवतो. अँड्रॉइडचा या शब्दाशी काडीचा संबंध नाही, पण कानाला कोण समजावणार!

देवऋषी तर मुळीच नको. आपल्याकडे माणूस देवऋष्याकडे कधी जातो? म्हैस आटली, पोराला बाहेरचं लागलं, चोरी कुणी केली ते कळेना, अशा वेळी. लिंबू, अंगारा, कौल हा त्याचा कारभार, आणि गावावाचून तो चालत नाही. तुमची जमात तर गाव टाळणारी. वनऋषी म्हटलं की न बोलावता कमंडलू आणि हरणाचं पाडस हजर होतं. 'वनवासी' या शब्दावर इतकं राजकारण झालंय की कादंबरी बाजूला राहील.

आता मूळ शब्दाकडे वळू, कारण तिथे खरी गंमत आहे. ड्रुइड म्हणजे गॉल (साधारण आजचा फ्रान्स), ब्रिटन आणि आयर्लंड इथल्या प्राचीन केल्टिक लोकांचे पुरोहित, पंच, गुरू. रोमन सेनापती सीझर लिहितो की त्यांच्यातल्या काहींचं शिक्षण वीस वर्षं चाले, आणि विद्या लिहून ठेवायची नाही, सगळी तोंडपाठ करायची. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाची फोड साधारणपणे 'द्रु' अधिक 'विद्' अशी करतात. पहिला भाग झाडाचा, त्यातही ओकचा, आणि दुसरा जाणण्याचा. 'द्रु' काहीजण 'बळकट, पक्कं' असाही घेतात, पण 'विद्'बद्दल फारसा वाद नाही. हे दोन्ही धातू आपल्या घरातलेच आहेत. द्रुम, देवदार, दारुहळद यांत पहिला, तर वेद आणि विद्या यांत दुसरा. पंगतीत पत्रावळीशेजारी आमटीसाठी ठेवतात तो द्रोणही या द्रु-कुळातलाच, कारण संस्कृतात द्रोण म्हणजे आधी लाकडी भांडं. (दारातलं 'दार' मात्र यात ओढू नका, ते 'द्वार'वरून आलंय.)

मग 'द्रुविद' असा शब्द घडवावा का? मला मोह झाला होता. कागदावर लिहून शेजाऱ्यांना दाखवला, तर त्यांनी सरळ 'द्रविड' वाचला आणि म्हणाले, 'इथे बेळगावात बसून हा वाद कशाला उकरताय?' त्यांचं बरोबर होतं. द्रविड हा शब्द 'तमिळ'च्या गोतातला आहे, त्याचं ड्रुइडांशी नातं नाही. पण छापणाऱ्यापासून वाचणाऱ्यापर्यंत प्रत्येकजण तुमचा 'द्रुविद' दुरुस्त करत बसेल.

तेव्हा शब्द पोथीतून न काढता रानातून काढावा. माझी आत्या जांबोटीच्या पुढच्या एका गावात दिलेली. लहानपणी तिच्यासोबत देवाच्या रानात गेलो होतो. तिने कडेलाच चपला काढायला लावल्या आणि कमरेचा कोयता एका दगडाआड ठेवला. आत शिरल्यावर मी एक वाळकी काटकी उचलली, तर तिने बोटं उघडून ती काढून घेतली आणि होती तिथेच टाकली. 'रायीतलं रायीत ऱ्हाऊ दे.' 'देवराई' हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही, ती नुसतं 'राय' म्हणायची. तळकोकणात त्यालाच देवरहाटी म्हणतात, आणि कोडगूत कन्नडमध्ये 'देवरकाडु', म्हणजे सरळ देवाचं रान.

तुमच्या जमातीचं सगळं वागणं 'राई' या एका शब्दात बसतं. काही काल्पनिक खेळांतले ड्रुइड धातूचं चिलखत अंगावर घालत नाहीत, आपल्या रायीत कोयता चालत नाही. रोमन लेखक प्लिनी सांगतो की ड्रुइड पांढरी वस्त्रं नेसून ओकवर चढत आणि सोन्याच्या विळ्याने एक वनस्पती कापत. म्हणजे तिथेही हत्यार साधं चालत नव्हतं.

म्हणून आधी मी 'राईकर' असा शब्द काढला. आत्या हसत सुटली. 'रायकर? रानात सोनारकी करत्यात काय?' आमच्या भागात रायकर हे आडनाव आहे आणि त्यातले कित्येक सराफीत आहेत, हे मी साफ विसरलो होतो.

मग 'राईराखे' सुचला. राई राखतो तो राईराख्या, अनेक असले की राईराखे, बाई असेल तर राईराखीण. भामट्या-भामटे चालतो तसाच चालवायचा: राईराख्याने सांगितलं, राईराख्यांची वाट. घडवलेला आहे, पण जोडकामाची शिवण दिसत नाही, आणि गावातली म्हातारी तो सहज बोलेल. कुणाला राई म्हणजे मोहरी आठवलीच तर पहिल्या प्रकरणात एकदा 'देवाची राई' असं लिहा, म्हणजे झालं.

म्हातारीच्या तोंडचा शब्द हवा, असं मी मुद्दाम म्हणतोय. लपून राहणाऱ्या लोकांना नाव देतात ते बाहेरचे. केल्टिक ड्रुइडांनी स्वतःबद्दल लिहून काही ठेवलं नाही, जुनी वर्णनं आहेत ती ग्रीक-रोमनांची. तेव्हा 'राईराखे' हे गावकऱ्यांनी ठेवलेलं नाव असू द्या. ते स्वतःला काय म्हणवतात ते वेगळं, आणि रानाच्या पलीकडच्या उताराला दुसरी भाषा असेल तर तिकडचं नावही वेगळं. आपल्याला हे नवीन नाही. सरकारी कागदावर 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी आहे आणि एसटीच्या थांब्यावर अजून 'बेळगाव, बेळगाव' अशीच हाक ऐकू येते.

राहता राहिली प्लिनीची ती वनस्पती, इंग्रजीतली 'मिसलटो'. ड्रुइडांना तिच्याहून पवित्र काही नव्हतं, असं तो म्हणतो. इंग्रजी-मराठी कोशात तिच्यापुढे शब्द सापडतो तो 'बांडगूळ'. आमच्या परसातल्या आंब्यावर ते दरसाल येतं. त्याच्या फळातली बी इतकी चिकट की पाखरू ती फांदीवर घासून सोडवतं, आणि तिथेच ती रुजते. मी कोयत्याने ते खरवडून काढतो, आणि फुकट खाणाऱ्या माणसालाही आपण तेच म्हणतो. तुमच्या कादंबरीत हा शब्द बदलू नका. गावचा पाटील रायीच्या कडेला उभा राहून 'बांडगुळं सगळी!' असं ओरडतोय, आणि आत झाडाआड थांबलेली राईराखीण, आपला एवढा मान का केला म्हणून, गोंधळून एकदा वर फांदीकडे बघते आणि मान लववते.