प्रचंड तारे जिथे जन्मतात तिथला वायू आत पडतोय की बाहेर चाललाय, हे कसं ओळखतात? खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ते दिसतं का?

वायू सहसा हलताना दिसत नाही, हे आधी सांगतो. एसडीसी 335 नावाचा काळा ढग घ्या. तो आपल्यापासून सुमारे 11,000 प्रकाशवर्षं लांब आहे. त्यातला वायू सेकंदाला साधारण 0.7 किलोमीटर वेगाने मध्याकडे सरकतोय. वर्षाला झाले सव्वादोन कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराचा जेमतेम सातवा भाग. इतक्या लांबून दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवलीत तरी काही कळायचं नाही. वर धूळ इतकी, की साध्या प्रकाशात आतलं दिसतच नाही.

म्हणून आम्ही रेडिओवाले रेणूंच्या वर्णरेषा, म्हणजे ठरावीक वारंवारतांवरचं त्यांचं उत्सर्जन, पाहतो. एचसीओ प्लस हा रेणू-आयन 89.19 गिगाहर्ट्‌झला उत्सर्जन करतो. वायू आपल्याकडे येत असेल तर ही वारंवारता किंचित वाढते, लांब जात असेल तर घटते. 0.7 किलोमीटरसाठी फरक पडतो 0.2 मेगाहर्ट्‌झ. तो मोजणं अवघड नाही. अवघड आहे तो अर्थ लावणं, कारण वेग कळतो तो फक्त आपल्या दृष्टिरेषेतला. आपल्याकडे येणारा वायू ढगाच्या पुढच्या बाजूला असेल तर तो बाहेर पडतोय, मागच्या बाजूला असेल तर आत कोसळतोय. आणि पुढचं-मागचं तर चित्रात दिसत नाही!

इथे ढगाचं तापमान मदतीला येतं. मध्य उबदार, कडा थंड. ढग आत कोसळत असेल तर पुढच्या अर्ध्यातला वायू आपल्यापासून लांब जातो, त्याची रेषा तांबड्या, म्हणजे कमी वारंवारतेच्या, बाजूला सरकते. पण तिथे थंड कडा आपल्या आणि उबदार वायूच्या मध्ये येते आणि आतलं तेज गिळते. मागच्या अर्ध्याची रेषा निळ्या, म्हणजे जास्त वारंवारतेच्या, बाजूला सरकते. तिथे थंड कडा उबदार वायूच्या पाठीमागे राहते. पुढच्या अर्ध्याचा वेग वेगळा, त्यामुळे तोही हे तेज अडवत नाही. आलेखावर दोन शिखरं दिसतात, मध्ये खळगा, आणि निळं शिखर उंच. ढग फुगत असेल तर तांबडं उंच.

यावर कोणीही शंका काढेल: एकामागे एक असे दोन वेगळे ढग असले तर? रास्त शंका आहे. म्हणून कार्बन-13 असलेला तोच रेणू पाहतात. तो विरळ, म्हणून ढग त्याच्या रेषेला जवळपास पारदर्शक. त्याचं एकच शिखर बरोबर खळग्याच्या जागी आलं तर ढग एकच. ही पडताळणी न करता ‘ढग कोसळतोय’ म्हणणाऱ्या निबंधावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

एसडीसी 335 मध्ये निळं शिखर उंच निघालं. 2013 साली निकोलस पेरेटो आणि सहकाऱ्यांनी चिलीच्या अल्मा दुर्बिणीने पाहिलं, तेव्हा तंतूंसारख्या लांबट प्रवाहांमधून वायू मध्याकडे येताना आढळला. मधल्या गाभ्यातच 500 हून जास्त सूर्यांइतकं वस्तुमान होतं.

दृष्टिरेषेला आडवी हालचाल थेट दिसते ती मेसरमध्ये. हे वायूतल्या रेणूंच्या रेडिओ उत्सर्जनाचे अतिशय तेजस्वी, बारीक ठिपके असतात. मृगातल्या ‘सोर्स वन’ या ताऱ्याभोवतीचे सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर अमेरिकेच्या व्हीएलबीए या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने महिन्यामहिन्याला टिपले, तेव्हा फिरती तबकडी आणि तिच्यातून बाहेर पडणारा वायू, दोन्ही चक्क सरकताना दिसले.

आता जीएमआरटी. वर सांगितलेलं काम तिच्याकडून होणार नाही. तिच्या 45 मीटरच्या 30 अँटेना साधारण 1,450 मेगाहर्ट्‌झपर्यंतच ऐकतात. बशीच्या जाळीची भोकं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची, तर एचसीओ प्लसची लहर साडेतीन मिलिमीटरचीसुद्धा नाही. पण तारा पेटल्यावर त्याच्या अतिनील प्रकाशाने भोवतालचा हायड्रोजन आयनित होतो, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते इलेक्ट्रॉन परत जोडले जाताना निघणाऱ्या पुनर्संयोग रेषांपैकी काही जीएमआरटीच्या पट्ट्यात येतात, आणि त्यांवरून तो तप्त वायू किती वेगाने जातोय ते खोडदहून मोजता येतं.