वाचकांचे प्रश्न : स्कॉलरशिप मिळाली आणि पळायची हौसच गेली

प्रश्न : माझी मुलगी बेळगावच्या कॉलेजात बीकॉम सेकंड इयरला आहे. आठवीपासून 1500 मीटर पळते, शाळेत असताना पहाटे कुणी न उठवता आपणच उठून रस्त्याला लागायची. गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत नंबर आला म्हणून कॉलेजनं फी माफ केली आणि वर खुराकाला महिन्याला थोडे पैसे पण देतात, आम्हाला केवढा आनंद झाला. पण तेव्हापासनं उठवायला लागतं, रविवारी तर ग्राउंडचं नाव काढलेलं चालत नाही, आणि परवा म्हणाली, आई, मी आता फीसाठीच पळते. पैशानं पोरं बिघडतात म्हणतात ते खरं का? स्कॉलरशिप सोडायला लावू का?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, अजिबात सोडायला लावू नका. पोरगी बिघडलेली नाही, उलट तिनं मनातलं तुम्हाला सरळ सांगितलं ही मोठी गोष्ट आहे.

ती जे बोलली त्यावर अमेरिकेत पन्नास वर्षं अभ्यास चाललाय. 1971 मध्ये एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, काहींना त्याचे पैसे दिले, आणि पैसे बंद झाल्यावर त्याच मुलांनी मोकळ्या वेळात कोड्याला कमी हात लावला. पुढं त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी कॉलेजच्या खेळाडूंना विचारलं तेव्हा स्कॉलरशिपवाल्या फुटबॉलपटूंना (आपला नव्हे, तिकडचा अमेरिकन फुटबॉल) खेळाची गोडी बिनस्कॉलरशिपवाल्यांपेक्षा कमी निघाली, पण कुस्तीवाल्यांत आणि मुलींत तसं काही दिसलं नाही! त्यांनी कारण असं लावलं की फुटबॉलमध्ये स्कॉलरशिप म्हणजे कोचच्या हातातला लगाम, आणि कुस्तीला किंवा मुलींना तेव्हा ती मिळायचीच इतक्या थोड्यांना की मिळाली म्हणजे तू खरंच चांगली खेळतेस अशी पावती. 1973 पासून तिकडं स्कॉलरशिप एकेका वर्षाचीच असायची, दरवर्षी नवी करायची की नाही ते कॉलेज ठरवायचं, म्हणजे टांगती तलवार कायम. जास्त वर्षांची द्यायची परवानगी परत 2012 पासून मिळाली.

नंतरचे निकाल दोन्हीकडचे आहेत. 2000 सालच्या एका अभ्यासात स्कॉलरशिपवाल्यांची गोडी कमी नव्हतीच, आणि जिथं कोच हुकूमशाही कमी करतो, नीट शिकवतो तिथं खेळाडू जास्त रमलेले दिसले. उलट 2020 मध्ये जुन्या खेळाडूंना विचारलं तर ज्यांना स्कॉलरशिप होती त्यांना कित्येक वर्षांनी पण आपल्या खेळात कमी मजा वाटत होती. मला यातनं एवढंच पटतं की पैसा कोणत्या तोंडानं दिला जातो त्यावर सगळं आहे. आपल्याकडं बघा की, शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, आज पण गावोगावच्या यात्रेत मैदान भरतं, इनाम लागतं, आणि इनामानं पैलवानाची हौस गेली असं कुणी म्हणत नाही, कारण पैशाबरोबर अख्खा गाव त्याला डोक्यावर घेतो.

तेव्हा घरात कुणी "पळाली नाहीस तर फी कुठनं भरायची" असं म्हणत असेल तर ते आजपासून बंद करा, गमतीनं पण नको. स्कॉलरशिपच्या अटी कॉलेजातनं लेखी घ्या, दुखापत झाली किंवा नंबर हुकला तर काय ते स्पष्ट विचारा, आणि एका वर्षाची फी आपण कशी भरू याचा हिशोब तिच्यासमोर बसून करा. रस्ता आहे हे दिसलं की छातीवरचं ओझं बरंच उतरतं. कोचना भेटून आठवड्यात एक दिवस तिच्या मर्जीचा मागा, किती पळायचं, कुठं पळायचं, की नाहीच पळायचं, सगळं तिनं ठरवायचं. रविवारची सुट्टी तर तिला हवीच, शरीर त्याच दिवशी भरून निघतं.

आणि एक, हिमोग्लोबिन तपासून घ्या. लांब पळणाऱ्या मुलींत लोह कमी पडणं फार कॉमन आहे, त्यात खानापूर-बेळगाव रोजची ये-जा असेल तर पहाटे न उठणं हा मनाचा प्रश्न नसून अंगात त्राणच नसेल.

प्रश्न : मी कॉलेजात पीई शिकवतो. स्कॉलरशिप दोन-तीन जणांनाच देता येते, बाकीची कबड्डीची पोरं नाराज होतात. सगळ्यांना थोडी थोडी वाटावी का?
— एक शिक्षक, निपाणी

उत्तर : सर, वाटू नका, त्यानं कुणालाच काही मिळाल्यासारखं वाटत नाही. कशावर देणार ते सीझन सुरू व्हायच्या आधी बोर्डावर लावा, आणि उरलेल्यांसाठी बूट, बसभाडं, दूध-अंडी यांची सोय कुणा माजी विद्यार्थ्याकडनं होते का बघा. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला 10,000 रुपये हातखर्चाला मिळतात हे पण पोरांच्या कानावर घाला. फक्त एक करा, मॅच हरल्यावर ग्राउंडवर "तुझी स्कॉलरशिप काढून घेतो" हे वाक्य कधी बोलू नका, ज्याला मिळते तो तर खचतोच आणि बाकीचे पण ऐकत असतात.